बसून राहिलेली माणसं

१९३९ च्या एप्रिलमध्ये बर्लिनमधल्या एका आईने आपल्या एकुलत्या एका मुलाचं सामान भरलं. मुलाला आठ वर्षंही पुरी झाली नव्हती आणि तो आईवडिलांना सोडून इंग्लंडला निघाला होता. लगेच लागतील ते कपडे तिने ठेवले. पुढे अंगाला येतील असे मोठ्या मापाचेही ठेवले आणि त्यांच्या कोपऱ्यांत लाल दोऱ्याने फुली घातली. शिवाय चादरी ठेवल्या, टेबलावर अंथरायची कापडं ठेवली. मुलगा मोठा होईल, त्याचं घर होईल, तेव्हा हवीत म्हणून. सात वर्षांच्या पोराच्या सामानात संसाराच्या चादरी भरणाऱ्या बाईला काय काय उमगलेलं असेल, याचा विचार फार वेळ करवत नाही.

काही काळ रेडक्रॉसमार्फत पत्रं येत राहिली. १९४३ मध्ये ती थांबली. आईवडील आउशवित्झच्या छावणीत मारले गेले.

मुलाचं नाव फ्रँक आउअरबाख. ११ नोव्हेंबर २०२४ ला, वयाच्या ९३ व्या वर्षी, तो लंडनमध्ये गेला. १९५४ पासून त्याने कॅमडेन भागात, मॉर्निंग्टन क्रेसेंटजवळच्या एकाच स्टुडिओत काम केलं, आणि तिथे बोटांवर मोजता येतील इतकीच माणसं पुन्हा पुन्हा रंगवली. त्याच्या आधी एकेक करून बाकीचे गेले होते. फ्रान्सिस बेकन १९९२ मध्ये, मायकेल अँड्र्यूज १९९५ मध्ये, किटाज २००७ मध्ये, ल्युशियन फ्रॉइड २०११ मध्ये, लिऑन कॉसॉफ २०१९ मध्ये, पॉला रेगो २०२२ मध्ये. 'स्कूल ऑफ लंडन' असं ज्यांना सैलपणे म्हटलं गेलं, त्यांतला आउअरबाख हा बहुधा शेवटचा मोठा माणूस. त्याच्याबरोबर माणसाने माणसासमोर बसण्याची एक रीतही गेली असं मला वाटतं, आणि मी हे लिहितो आहे ते तिच्यासाठी.

युद्ध संपत आलं होतं तेव्हा माणसाच्या देहाचं चित्र काढणं ही साधी गोष्ट उरली नव्हती. पिळदार, प्रमाणबद्ध, ग्रीक घडणीचे पुतळे हिटलरच्या राजवटीने आपल्या दारात उभे केले होते. सुंदर देहावर विश्वास ठेवायचा तरी कसा? १९४५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लेफेव्हर गॅलरीत बेकनचे तीन फलक लागले. क्रुसाच्या पायथ्याशी असलेल्या तीन आकृती, मागे भगभगीत नारिंगी रंग, अर्ध्या माणसाच्या आणि अर्ध्या जनावराच्या लांब माना, एकीच्या डोळ्यांवर फडकं, एकीचं तोंड किंचाळत उघडलेलं. त्याच महिन्यात ब्रिटिश सैन्य बेल्सनच्या छावणीत शिरलं आणि तिथली छायाचित्रं जगापुढे आली. बेकनने ते चित्र त्या छायाचित्रांच्या आधी काढलं होतं. पाहणाऱ्यांना मात्र दोन्ही एकाच वेळी पाहावी लागली.

त्याच प्रदर्शनात हेन्री मूरचंही काम होतं. बाँबहल्ल्यांच्या रात्री लंडनकर भुयारी रेल्वेच्या फलाटांवर झोपायला उतरत, तेव्हा १९४० आणि ४१ मध्ये मूरने त्यांची चित्रं काढली होती. मेणखडू आणि जलरंगाची ती झोपलेली माणसं पांघरुणात गुंडाळलेली आहेत, तोंडं उघडी आहेत, आणि बोगदा त्यांच्या रांगा घेऊन आत आत जातो. एकाच काळात माणसाचं झोपलेलं तोंडही चित्रात आलं होतं आणि किंचाळणारं तोंडही. पुढची चाळीस-पन्नास वर्षं इंग्लंडमधल्या चित्रकार-शिल्पकारांना या दोन तोंडांच्या मधल्या माणसाचं काहीतरी करायचं होतं.

काहींनी धातू वितळवला. १९५२ च्या व्हेनिस बिएनालेत आठ तरुण शिल्पकारांची कामं गेली. चॅडविक, आर्मिटेज, बटलर, पाओलोत्सी आणि इतर. सळ्यांसारखे हात, काटेरी अंगं, सोललेल्या पाठी. हर्बर्ट रीडने त्या सगळ्याला 'भीतीची भूमिती' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. त्यांतली बरीच कामं आता मला जुनी वाटतात. भीतीची एक शैली झाली की ती भीती उरत नाही. एलिझाबेथ फ्रिंक त्या आठांत नव्हती, वयाने लहान होती. पण शिल्पकारांमध्ये माझं मन तिच्याकडे जातं. सफोकमध्ये, विमानतळांच्या आसपास तिचं बालपण गेलं. मोहिमेवरून परतणारी विमानं जळताना तिने पाहिली होती. तिचे पुरुष पडतात, धावतात, उघडे असतात. गुळगुळीत गॉगल लावलेली तिची मोठी डोकी सत्तेच्या निबरपणाची आहेत. सोसून मिटलेल्या डोळ्यांची डोकी तिने नंतर केली. सॉल्झबरी कॅथीड्रलच्या आवारात तिची मेरी आहे. कृश, म्हातारी होत चाललेली, आणि देवळाकडे पाठ करून गावाच्या दिशेने तरातरा निघालेली. फ्रिंकने लिव्हरपूलच्या कॅथीड्रलसाठी केलेला पुनरुत्थित ख्रिस्त १९९३ च्या ईस्टरला दारावर चढला. त्यानंतर आठवडाभरात ती गेली.

पण मला सांगायचं आहे ते बसण्याबद्दल.

युद्धानंतर दक्षिण लंडनमधल्या बरो पॉलिटेक्निक या साध्या तंत्रशाळेत डेव्हिड बाँबर्ग नावाचा विस्मरणात गेलेला चित्रकार शिकवत असे. पहिल्या महायुद्धाआधी त्याचं नाव गाजलं होतं, मग कोणी विचारेना. मोठ्या कलाशाळांनी त्याला दार उघडलं नाही. त्याच्या वर्गात आउअरबाख आणि कॉसॉफ जात. रेखीवपणा, हुबेहूबपणा यांना तिथे किंमत नव्हती. समोरच्या देहाचं वजन, तो जमिनीवर कसा टेकलाय, त्याचा भार कुठून कुठे जातो, हे आधी आपल्या अंगात उतरलं पाहिजे आणि मग हाताने ते कागदावर टाकायचं. बाँबर्ग १९५७ मध्ये हलाखीत मेला. त्या वर्गातून मात्र इंग्लंडला त्या शतकातले दोन मोठे चित्रकार मिळाले.

कॉसॉफ पूर्व लंडनमधल्या एका स्थलांतरित ज्यू बेकरीवाल्याचा मुलगा. तो आणि आउअरबाख तरुणपणी एकमेकांसमोर बसले. एकाने काढायचं, दुसऱ्याने बसायचं. मॉडेलला द्यायला पैसे नव्हते. रंगही मातकट वापरायचे, कारण ते स्वस्त पडत. ते रंग थरावर थर चढत गेले. आउअरबाखच्या पहिल्या चित्रांतलं एखादं डोकं बाजूने पाहिलं तर कपाळ, नाक, हनुवटी यांचे नांगरटीसारखे उंचवटे उठलेले दिसतात. १९५६ मध्ये बो आर्ट्स गॅलरीत त्याचं पहिलं प्रदर्शन झालं, तेव्हा ही चित्रं आहेत की शिल्पं असा वाद लोकांनी घातला.

एक डोकं जवळून पाहू. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने कोळशाने काही मोठी डोकी काढली. माणूस समोर खुर्चीत बसलेला आहे. कागदावर कोळसा चालतो, डोळ्यांच्या खोबण्या, गालाचं हाड, मान. बैठक संपते. तो चित्राकडे पाहतो आणि फडक्याने सगळं पुसून टाकतो. कोळसा पूर्ण जात नाही, काळसर सावली राहते. पुढच्या बैठकीला त्या सावलीवरच पुन्हा तोच माणूस. पुन्हा पुसणं. असं महिनोन् महिने. खोडरबराने आणि फडक्याने कागद झिजतो, शेवटी फाटतो. मग तो त्या जागी दुसऱ्या कागदाचा तुकडा चिकटवतो आणि काढत राहतो. १९५८ च्या आत्मचित्रात ही ठिगळं स्पष्ट दिसतात, जोडाच्या रेषा चेहऱ्यावरून जातात. त्या सगळ्या अंधारातून एक कपाळ, एक नाकाचा दांडा उजेडात आलेला असतो. तो उजेड बाहेरून पडलेला नाही. खोडरबराने जिथे कोळसा उचलला तिथे कागद उघडा पडला, तोच उजेड.

या डोक्यांत गेर्डा बोम आहे. आउअरबाखची ही नात्यातली बहीण त्याच्याहून मोठी, बर्लिनहून लंडनला पोचलेली. बालपणीच्या घरातली जी थोडी माणसं वाचली त्यांत ती होती. तिच्यासमोर कोळसा घेऊन बसताना त्याच्या मनात काय होतं हे त्याने फारसं सांगितलं नाही; आईवडिलांवर बोलायला त्याला आवडत नसे. आपणही त्यात भरीव शोककथा कोंबू नये. एवढं मात्र डोळ्यांना दिसतं की हा माणूस समोरच्या चेहऱ्याला 'झालं, कळला' असं म्हणायला तयार नाही. पुढे रंगातही त्याने हेच केलं. दिवसभर रंगवायचं आणि पटलं नाही तर सगळा ओला रंग सुरीने खरवडून काढायचा, उद्या परत. एका चित्राला वर्ष लागे, दोन वर्षं लागत. चित्राचं शेवटचं रूप मात्र एकाच बैठकीत, काही तासांत उभं राही.

समीक्षकांनी या खरवडण्याला यातना म्हटलं, ध्यास म्हटलं, असमाधान म्हटलं. मला त्यात सभ्यता दिसते. ज्या शतकात माणसांच्या याद्या झाल्या, हातावर आकडे गोंदले गेले आणि एका फटकाऱ्यात लाखोंची ओळख ठरली, त्या शतकात हा माणूस एका बाईचा चेहरा शंभर वेळा काढतो आणि शंभर वेळा म्हणतो की अजून ही ती नाही. माणसाला यापेक्षा मोठा मान देता येतो का?

आणि त्या बाया! त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. ई.ओ.डब्ल्यू. म्हणजे इस्टेला ऑलिव्ह वेस्ट. विधवा, तीन मुलांची आई, खोल्या भाड्याने देऊन घर चालवणारी, आउअरबाखपेक्षा पंधरा वर्षांनी मोठी. तो कोवळा पोरगा होता तेव्हापासून १९७३ पर्यंत ती त्याच्यासमोर बसली. दिवसभराचं घरकाम उरकून संध्याकाळी बसायची आणि स्थिर राहायची. जे.वाय.एम. म्हणजे ज्युलिएट यार्डली मिल्स, पेशाने मॉडेल. ती १९५६ मध्ये पहिल्यांदा बसली आणि १९९७ पर्यंत येत राहिली. आठवड्यातून दोनदा, थंडी असो, पाऊस असो. चाळीस वर्षं! एखाद्या बाईने चाळीस वर्षं एकाच स्टुडिओत जायचं, बसायचं, आणि निघताना बहुतेक वेळा आजचं काम पुसलं गेलेलं पाहायचं. चित्राखाली तिचं नाव नाही, तीन आद्याक्षरं आहेत. या बायकांचं बसणं हेही चित्र काढण्याइतकंच काम होतं, आणि ते त्यांनी केलं नसतं तर आपल्यापुढे काहीच नसतं.

ल्युशियन फ्रॉइडकडे बसणं निराळं होतं. सिग्मंड फ्रॉइडचा नातू, तोही बर्लिनचा, १९३३ मध्ये कुटुंबासह इंग्लंडला आलेला. पुढच्या काळात तो जाड, खरबरीत अशा शिशाच्या पांढऱ्या रंगाने कातडी रंगवी, आणि ती कातडी खरोखर वयस्क होत जाई. त्याच्या नग्न चित्रांची कीर्ती मोठी आहे, किमतीही मोठ्या आहेत. पण मला त्याने काढलेली त्याची आई हवी असते. १९७० मध्ये नवरा गेल्यावर लुसी फ्रॉइडचं जगण्यातून मन उडालं. तिने स्वतःला संपवण्याचा प्रयत्न केला; ती वाचली, पण कशातच लक्ष उरलं नाही. आयुष्यभर आईच्या अतिमायेपासून लांब पळालेल्या या मुलाने तेव्हा तिला स्टुडिओत आणायला सुरुवात केली. ती बसली. १९७२ पासून वर्षानुवर्षं बसली. कधी आरामखुर्चीत, कधी पांढऱ्या उशीवर डोकं टेकून आडवी, कोयऱ्यांच्या नक्षीचा झगा घातलेली, डोळे उघडे आणि कुठेच न पाहणारे. एका मोठ्या चित्रात ती खुर्चीत आहे, खुर्चीखाली खलबत्ता ठेवलेला आहे आणि मागे पांघरूण छातीपर्यंत न आलेली एक तरुण बाई पडली आहे. दोघी एकमेकींकडे पाहत नाहीत. १९८९ मध्ये आई गेली तेव्हा त्याने मेलेल्या आईचंही चित्र काढलं.

त्या बैठकांमागे माया होती की निव्वळ चित्रकाराची भूक, यावर खूप लिहिलं गेलं. मला हे दोन वेगळे करावेसे वाटत नाहीत. ज्या बाईला सकाळी उठावंसं वाटत नव्हतं तिला सकाळी कुठेतरी जायचं होतं. तिथे तिचं काम होतं, बसण्याचं. मुलगा समोर होता आणि तिच्याकडेच पाहत होता.

बेकनबद्दल इथे मी मुद्दामच कमी लिहिलं. तो या सगळ्यांत प्रतिभावान होता, कदाचित सगळ्यांत जास्त. पण समोर माणूस बसलेला त्याला चालत नसे. तो मित्रांचे फोटो काढवून घेई आणि ते फाटके, चुरगळलेले, रंग सांडलेले फोटो पायदळी तुडवत रंगवी. माणसाच्या देहाची जी मोडतोड करायची ती त्याच्यासमोर करायला संकोच वाटतो, असं त्याचं म्हणणं. हा संकोच मला समजतो. तरीही बेकनच्या चित्रापुढे माणूस दचकतो आणि पुढे जातो, आउअरबाखच्या चित्रापुढे थांबतो. मला थांबणं महत्त्वाचं वाटतं.

आता लंडनमधल्या आपल्याकडच्या दोघांबद्दल. गोव्यातल्या साळगावचा फ्रान्सिस न्यूटन सूझा १९४९ मध्ये लंडनला पोचला. वडील जन्मानंतर काही महिन्यांतच गेलेले, आईने मुंबईत शिवणकाम करून वाढवलेला, जे.जे. कलाशाळेतून काढून टाकलेला. १९५५ मध्ये व्हिक्टर मसग्रेव्हच्या गॅलरी वनमध्ये त्याचं प्रदर्शन झालं आणि त्याच वर्षी 'एन्काउंटर' मासिकात त्याचा लेख आला. लंडन काही काळ त्याच्याकडे वळून पाहत राहिलं. त्याची डोकी निराळीच. डोळे कपाळात चढलेले, दात करवतीचे, चेहऱ्यावर काळ्या रेषांचं जाळं. १९५९ मधल्या त्याच्या 'क्रुसिफिक्शन'मधला ख्रिस्त काळा आहे, काट्यांनी भरलेला आहे. बेकनने क्रूस वापरला तो भिंतीवरच्या खिळ्यासारखा, चित्र टांगण्यापुरता. सूझासाठी तो गोव्यातल्या चर्चमध्ये लहानपणी गुडघे टेकून पाहिलेला रक्ताळलेला, खरा देव होता. युद्धोत्तर ब्रिटिश चित्रकलेच्या इतिहासातून सूझा कितीतरी वर्षं गाळला गेला. २०१८ मध्ये टेट ब्रिटनने बेकन, फ्रॉइड यांच्याबरोबर त्याला एका मोठ्या प्रदर्शनात जागा दिली. तोवर त्याला जाऊन सोळा वर्षं झाली होती. २००२ मध्ये तो मुंबईत मेला आणि शिवडीच्या दफनभूमीत पुरला गेला.

दुसरे सदानंद बाकरे. मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूपच्या संस्थापकांतले शिल्पकार. १९५१ मध्ये लंडनला गेले, तिथे चोवीस वर्षं राहिले आणि १९७५ मध्ये परत येऊन रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरुडला, समुद्राकाठी राहिले. २००७ मध्ये तिथेच वारले. फ्रिंक, पाओलोत्सी ज्या शहरात धातू आणि प्लास्टर हाताळत होते त्याच शहरात हा मराठी शिल्पकार काम करत होता. त्यांच्यावर मराठीत आजवर जेवढं लिहिलं गेलं ते फारच थोडं आहे, आणि याची मला मनापासून खंत आहे.

ही सगळी माणसं लंडनमध्ये काम करत होती तेव्हा काळ त्यांच्या बाजूने नव्हता. १९५६ मध्ये टेटमध्ये अमेरिकी चित्रं आली, मोठी, अमूर्त, मोकळी. तरुण तिकडे वळले. मागोमाग पॉप आलं. माणूस समोर बसवून रंगवणं मागासलेपणाचं झालं. १९७६ मध्ये किटाजने हेवर्ड गॅलरीत मानवाकृतीचं प्रदर्शन मांडलं आणि 'स्कूल ऑफ लंडन' हे शब्द वापरले, तोवर यांतले बरेच जण जवळजवळ एकट्यानेच काम करत आले होते. आउअरबाख तर नंतरही करत राहिला. त्याला सर ही पदवी देऊ केली, त्याने नाकारली. १९८६ मध्ये व्हेनिसला सुवर्णसिंह मिळाला, तो जर्मन चित्रकार सिग्मार पोल्केबरोबर विभागून. मग तो पुन्हा कामाला बसला. अगदी शेवटच्या वर्षांत बसायला येणारी माणसं कमी झाली तेव्हा तो आरशात पाहून स्वतःलाच काढत राहिला. म्हातारं डोकं, भराभर मारलेल्या रेषा, एकदम जिवंत. त्या आत्मचित्रांत कुठेही निरोपाचा भाव नाही, आणि त्यामुळेच ती पाहताना गलबलतं.

कोळशाची ती जुनी डोकी २०२४ च्या फेब्रुवारी ते मे महिन्यांत लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत एकत्र लागली होती. तोवर तो हयात होता. नोव्हेंबरात नव्हता.

लंडनला मुलांकडे, भाच्यापुतण्यांकडे जाणारी माणसं आता आपल्याकडे घरोघरी आहेत. टेट ब्रिटनच्या संग्रहाला तिकीट लागत नाही. जाल तेव्हा आउअरबाख, कॉसॉफ किंवा सूझा भिंतीवर असेल तर मोबाइल खिशात ठेवा आणि त्यांतल्या एका चेहऱ्यासमोर, एकाच, निदान पंधरा मिनिटं बसा. आणि कोणी संशोधक हे वाचत असेल तर त्याला किंवा तिला विनंती: सदानंद बाकरे यांच्यावर लिहा.